आजींच्या डीव्हीडी प्लेअरवर गाणी आणि फोटो का लागत नाहीत

प्रश्न तासगावच्या एका ताईंचा आहे. त्या लिहितात: "माहेरी आजी एकटीच असते. तिच्याकडे पंधराएक वर्षांपूर्वीचा डीव्हीडी प्लेअर आहे आणि तेवढा तिला स्वतःला लावता येतो. तिच्यासाठी मी लॅपटॉपवरून एका सीडीवर ६० अभंग आणि भावाच्या लग्नाचे १०० फोटो घातले. लॅपटॉपवर सगळं छान चालतं, प्लेअरमध्ये घातली की 'नो डिस्क' येतं. दुसऱ्या सीडीवर पुन्हा भरलं तर ती वाचली, पण गाण्यांचा क्रम भलताच, नावांच्या जागी चौकोन, काही अभंग लागतच नाहीत. फोटो काही आडवे पडलेले, काही उघडायला मिनिटभर घेतात, काही उघडतच नाहीत. प्लेअर बिघडलाय का? नवीन घेऊ का?"

ताई, नवीन घेऊ नका. आजींना बोटाच्या सवयीने जे लावता येतं, ते काढून घेऊन दुसरं हातात दिलं की त्या गाणी ऐकणंच सोडतील. मी हे बऱ्याच घरांत बघितलंय.

सांगलीत खणभागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी टेपरेकॉर्डर, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी असं करत २६ वर्षं झाली. 'डिस्क वाचत नाही' म्हणून टेबलावर आलेल्या कितीतरी प्लेअरांना काहीही झालेलं नसतं. दोष असतो डिस्क कशी भरली त्यात. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं ओळखीची आहेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

लॅपटॉप आणि प्लेअर यांत मोठा फरक आहे. लॅपटॉपला एखादी फाइल कळली नाही तर तो दहा वाटांनी उघडून बघतो. प्लेअरच्या पोटात एक चिप, थोडी मेमरी आणि कारखान्यात एकदाच भरलेला प्रोग्रॅम असतो. पंधरा वर्षांपूर्वी त्याला जेवढं शिकवलं तेवढंच आजही येतं. म्हणून डिस्क भरताना डोळ्यांसमोर तो प्लेअर ठेवायचा. तो काय वाचू शकेल, कोणत्या क्रमाने वाचेल, किती वेळात वाचेल, एवढा विचार केला की निम्मं काम झालं.

पण आधी प्लेअर खरंच धडधाकट आहे ना ते बघू. घरात कंपनीची, म्हणजे दुकानातून विकत आणलेली एखादी गाण्यांची सीडी असेल तर ती लावा. मग एखादी सिनेमाची डीव्हीडी लावा. दोन्ही लागल्या तर प्लेअर ठीक आहे. डीव्हीडी लागते आणि सीडी लागत नाही असं झालं, तर लोक गोंधळतात, पण यात नवल नाही. त्या लेन्सखाली सहसा दोन लेसर असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. सीडीवरच्या ओळी १.६ मायक्रॉनच्या अंतराने असतात, डीव्हीडीवरच्या ०.७४ मायक्रॉनच्या, म्हणून डीव्हीडीला बारीक किरण लागतो. दोघे एकाच घरात राहत असले तरी दिवे दोन आहेत. एक मंदावला तरी दुसरा जळत राहतो. सीडीचा लेसर गेला असेल तर गाणी कोऱ्या डीव्हीडीवर भरून बघा. बरेच प्लेअर डीव्हीडीवरची एमपी३ गाणीही वाजवतात, आणि लेन्स बदलायचा खर्च वाचतो.

दोन्ही अडखळत असतील तर लेन्सवर धूळ असू शकते. आपल्याकडे टीव्हीचं टेबल बऱ्याचदा देवघराला खेटून असतं. उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ, यांचा चिकट थर त्या वाटाण्याएवढ्या लेन्सवर बसतो. प्लग काढून, वरचं झाकण उघडून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा लावून हलक्या हाताने एकदा फिरवलं की पुष्कळ प्लेअर जागे होतात. दाबायचं नाही, कारण ती लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते. हात थरथरत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या पहिल्या सीडीचं 'नो डिस्क'. माझा अंदाज जवळजवळ पक्का आहे. कोरी सीडी लॅपटॉपमध्ये घातली की विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची आहे? पर्याय दोन असतात. 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' आणि 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'. पहिलाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो, आपण पुढे दाबत जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. पहिल्या पद्धतीने भरलेली सीडी पेनड्राइव्हसारखी वापरता येते, केव्हाही आणखी फाइली टाकता येतात. पण तिची आतली मांडणी यूडीएफ नावाच्या पद्धतीची असते, आणि जुन्या प्लेअरांना सीडीवर ती अपेक्षितच नसते. त्यांना आयएसओ ९६६० ही जुनी मांडणी कळते. दुसरा पर्याय निवडलात की विंडोज आधी सगळ्या फाइली एका जागी गोळा करतं आणि 'बर्न' म्हटल्यावर एका दमात डिस्कवर उतरवतं. आपल्याला तेच हवंय.

त्यातही डिस्क बंद करायला विसरायचं नाही. राइट करायच्या प्रोग्रॅममध्ये 'फायनलाइज' किंवा 'क्लोज डिस्क' अशी खूण असते. वहीला पुठ्ठा घालून शिवल्यासारखं आहे ते. डिस्क उघडी राहिली तर प्लेअरला तिची अनुक्रमणिका सापडत नाही. आज २० गाणी, पुढच्या महिन्यात आणखी २०, असं हप्त्याहप्त्याने भरलेल्या सीडीचंही हेच. काही प्लेअरांना फक्त पहिला हप्ता दिसतो. एकदाच भरा, बंद करा. कोऱ्या सीडीची किंमत या डोकेदुखीपुढे काहीच नाही.

वेगाचंही सांगतो. पाकिटावर ५२ एक्स लिहिलेलं असतं म्हणून त्या वेगाने राइट करू नका. १६ किंवा २४ वर ठेवा. डिस्कवर लेसरने जे डाग पाडले जातात, ते सावकाश पाडले की स्वच्छ पडतात, आणि थकलेल्या लेन्सला स्वच्छ डागच वाचता येतात. पुन्हा पुसून वापरता येणारी री-रायटेबल सीडी मात्र आजींसाठी नको. कंपनीची सीडी ७० टक्क्यांच्या आसपास उजेड परत पाठवते, री-रायटेबल फक्त १५ ते २५ टक्के. जुन्या लेन्सला एवढ्या अंधुक उजेडात वाचायला लावणं म्हणजे छळ आहे.

आणखी एक, सीडी काठोकाठ भरू नका. तुमचे ६० अभंग धरा ३०० एमबी आणि मोबाइलचे १०० फोटो ३५० एमबी, म्हणजे ७०० एमबीची सीडी जवळजवळ भरलीच. सीडी आतून बाहेर भरत जाते. बाहेरच्या कडेला डिस्क जास्त डुगडुगते, बोटांचे ठसे आणि ओरखडेही तिथेच जास्त. शेवटची गाणी अडखळतात, ती यामुळे. शेवटची बोटभर जागा मोकळी सोडलेली बरी.

दुसऱ्या सीडीकडे येऊ. क्रम का बिघडला? प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावतो आणि नाव अक्षराअक्षराने वाचतो. त्याच्या लेखी १ नंतर १०, मग ११, मग १२, आणि २ त्यांच्याही नंतर. म्हणून सुरुवातीचा आकडा नेहमी दोन अंकी लिहायचा, ०१, ०२, ०३. शंभराच्या वर गाणी असतील तर तीन अंकी. चौकोन दिसतात ते तुम्ही नावं मराठीत लिहिलीत म्हणून. प्लेअरच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी अक्षरांचे आकारच नसतात. मला स्वतःला याची खंत वाटते. आपल्या गावात, आपल्या माणसांना विकलेल्या यंत्राला आपलं अक्षर येऊ नये. पण आज उपाय एकच. आकडा आणि नाव, दोन्ही इंग्रजीत, शक्यतो आठ अक्षरांच्या आत. मूळच्या आयएसओ मांडणीत नावाला आठच अक्षरं आणि पुढे तीन अक्षरांचं शेपूट एवढीच जागा असते. जोलिएट नावाच्या वाढीव पद्धतीत ६४ पर्यंत अक्षरं मावतात, पण ती न कळणारे प्लेअर लांब नाव छाटतात. मग 'विठ्ठल'ने सुरू होणारे पाच अभंग पडद्यावर एकसारखे दिसतात.

फोल्डरही एकात एक, एकात एक असे नकोत. डिस्क उघडली की समोर फोल्डर, आणि त्यात थेट गाणी. एवढंच. एका फोल्डरमध्ये २०-२५ गाणी ठेवली तर रिमोटने खाली-वर करताना आजींची बोटं दुखणार नाहीत. सकाळी ऐकायचे वेगळे, संध्याकाळचा हरिपाठ वेगळा, अशी वाटणी त्यांनाच विचारून करा.

आता जी गाणी लागतच नाहीत ती. लॅपटॉपवर ती फाइल व्हीएलसी या मोफत प्लेअर-प्रोग्रॅममध्ये उघडा आणि 'कोडेक इन्फर्मेशन' बघा, म्हणजे आवाज कोणत्या पद्धतीने भरलाय ते कळेल. बहुधा तिथे एमपी३ नसेल. मोबाइलवर उतरवलेली गाणी बरेचदा एम४ए असतात, म्हणजे आत एएसी. व्हॉट्सअॅपवर आलेला आवाज ओपसमध्ये असतो. जुन्या प्लेअरला यातलं काही येत नाही. काहींना डब्ल्यूएमए येतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी३ लिहिणारे खूप लोक भेटतात. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतल्या तांदळाचे पोहे होत नाहीत. प्लेअर एकतर गाणं सोडून पुढे जातो नाहीतर गप्प बसतो. व्हीएलसीमध्येच 'कन्व्हर्ट' आहे, तिथून खरं एमपी३ करून घ्या.

एमपी३ करतानाही प्लेअरच्या कलाने घ्या. सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, ४४.१ किलोहर्ट्झ. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट खर्च होतात तो आकडा, १२८ किंवा १९२, आणि तो कायम एकच, कमी-जास्त होणारा नको. बदलत्या बिटरेटची गाणी वाजतात, पण पुष्कळ प्लेअरांवर मिनिट-सेकंदाचा आकडा चुकतो आणि जुन्या चिपा मध्येच अडखळतात. १२८ वर एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. ७०० एमबीच्या सीडीवर १२ तासांहून जास्त गाणी मावतात. साध्या ऑडिओ सीडीवर, जी १९८२ साली बाजारात आली तीच पद्धत, ७४ ते ८० मिनिटंच मावतात, कारण तिथे सेकंदाला १४ लाख बिट खर्च होतात. आजींचा एखादा आवडता गायक असेल, त्याचे दहा-बाराच अभंग पुरे असतील, तर मी म्हणेन सरळ ऑडिओ सीडी करा. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये 'ऑडिओ सीडी' असा पर्याय आहे. आवाज भरदार येतो, फोल्डरची भानगड नाही, घालताच पहिलं गाणं सुरू.

तुमच्याकडे आजोबांनी किंवा भजनी मंडळाने केलेलं घरगुती रेकॉर्डिंग असेल, तर ते खास तपासा. छोट्या व्हॉइस रेकॉर्डरवर जागा वाचवायला १६ किंवा २२.०५ किलोहर्ट्झवर भरलेलं असतं, मोबाइलच्या जुन्या रेकॉर्डरवर ८ वर. बरेच प्लेअर ते नाकारतात. ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून ४४.१ करून एमपी३ काढा. त्याने आवाज सुधारणार नाही, पण लागेल. आणि अशा जुन्या रेकॉर्डिंगनंतर एकदम नव्या अल्बममधलं गाणं आलं की घर दणाणतं, म्हणून सगळी गाणी 'एमपी३गेन'मधून एकदा काढा. तो मूळ आवाजाला धक्का न लावता उंची सारखी करतो. गाण्याला चिकटवलेलं मोठं मुखपृष्ठाचं चित्रही काढून टाका. काही प्लेअर ते चित्र ओलांडण्यातच दोन-चार सेकंद घालवतात.

फोटोंकडे वळतो, कारण तुमची खरी गंमत तिथे अडली आहे.

मोबाइलने काढलेला साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो धरा, ४००० गुणिले ३०००. म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण उघडताना प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, आणि तो पसरून ३६ एमबी होतो. जुन्या प्लेअरची एकूण मेमरीही कित्येकदा तेवढी नसते. आणि एवढा खटाटोप करून तो दाखवणार कुठे? पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलवरून टीव्हीवर जातं ते चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. तुमच्या फोटोतल्या २९ ठिपक्यांतला एकच टीव्हीवर पोचतो. बाकीच्या २८ साठी आजींनी मिनिटभर काळ्या पडद्याकडे बघत बसायचं.

दुकानात एक काकू मुलीच्या लग्नाची सीडी घेऊन आल्या होत्या. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. फोटो वरून खाली, ओळीओळीने उतरत होता. आधी मांडवाची झालर दिसली, मग छत, मग मुंडावळ्यांची फक्त वरची कड. चेहऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर स्लाइड-शोची वेळ संपली आणि पुढच्या फोटोची झालर सुरू झाली. काकू म्हणाल्या, "माझी लेक दिसेना झाली की ओ." तेव्हापासून मी कुणाच्याही फोटोंची सीडी लहान केल्याशिवाय राइट केलेली नाही.

लहान करायला इरफानव्ह्यू हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. त्यात 'बॅच कन्व्हर्जन' आहे, सगळे फोटो एकदम निवडता येतात. लांब बाजू १४४० ठेवा. फोटो तीन-चारशे केबीचा होईल, शंभर फोटो मिळून ४० एमबीच्या आसपास, आणि प्लेअर तो चटकन उघडेल. एचडीएमआयची केबल असलेल्या प्लेअरवरही एवढा आकार सुरेख दिसतो. मूळ फोटो मात्र लॅपटॉपवर तसेच राहू द्या. लहान केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढायची, मुळावर कधीच जतन करायचं नाही.

त्याच खिडकीत 'प्रोग्रेसिव्ह जेपीजी' अशी एक खूण असते, ती काढून टाका. साधा जेपीजी वरून खाली उतरतो. प्रोग्रेसिव्ह आधी पूर्ण फोटो अंधुक दाखवतो आणि मग फेरीफेरीने स्पष्ट करत नेतो. त्यासाठी सगळा फोटो मेमरीत धरून ठेवावा लागतो, आणि पुष्कळ प्लेअर तिथे हात टेकतात. तुमचे जे फोटो उघडतच नाहीत, ते बहुधा हे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फोटोंत ही जात जास्त सापडते. आणि भावाने आयफोनने काढलेले असतील तर तेही तपासा. २०१७ पासून आयफोन एचईआयसी नावाच्या पद्धतीने फोटो साठवतो. प्लेअर त्या फाइली यादीतसुद्धा दाखवणार नाही. जेपीजी करून घ्या.

आडवे पडलेले फोटो मोबाइलच्या एका सवयीमुळे येतात. मोबाइल उभा धरून फोटो काढला तरी ठिपके आडवेच साठवले जातात, आणि फाइलच्या डोक्याशी एक टीप लिहिली जाते की दाखवताना हा फिरवून दाखवा. लॅपटॉप ती टीप वाचतो. जुना प्लेअर वाचत नाही. इरफानव्ह्यूमध्ये जेपीजी फिरवण्याच्या पर्यायांत टिपेप्रमाणे आपोआप फिरवायचा पर्याय आहे, तो वापरला की ठिपकेच उभे होतात. फिरवणं आधी, लहान करणं नंतर. बऱ्याच रिमोटवर बाणाची बटणं दाबून फोटो फिरवता येतो हे खरं, पण शंभर फोटोंना शंभर वेळा ते आजींनी का करायचं?

चेहरे बुटके किंवा लांबट दिसत असतील तर फोटोंना हात लावू नका. प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' असेल, तिथे जुन्या डब्यासारख्या टीव्हीला ४:३ आणि नव्या रुंद टीव्हीला १६:९ ठेवा. आणि जुना डबा टीव्ही चारी बाजूंनी थोडी कड कापतो. ग्रुप फोटोत टोकाला उभे असलेले मामा त्यात जाऊ शकतात, तेवढं बघून भोवती काळी चौकट सोडा.

गाणी आणि फोटो एकाच डिस्कवर ठेवावेत का? चालतं. काही प्लेअर फोटो दाखवता दाखवता गाणंही वाजवतात. पण माझं मत विचाराल तर आजींसाठी दोन वेगळ्या डिस्क करा. एकत्र असल्या की काही प्लेअर सगळ्या फाइलींची एकच लांबलचक यादी करतात, अभंग संपला की लग्नाचा फोटो येतो आणि तिथेच अडकून बसतो. एक अभंगांची, एक लग्नाची. हातात घेतली की कळलं पाहिजे.

ती कळायला डिस्कवर काय लिहायचं, यावर थोडा थांबतो, कारण माझ्या हातून यात चूक झाली आहे.

२०११ साली हरिपूर रस्त्यावरच्या एका घरासाठी मी त्यांच्या वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटींवरून सीडी केल्या होत्या. वडील नुकतेच गेले होते. छान दिसाव्यात म्हणून निम्म्या सीडींवर मी वडिलांचा फोटो छापलेले गोल कागदी स्टिकर चिकटवले. स्टिकर संपले, उरलेल्यांवर मार्करने नुसती तारीख लिहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आलं. पूर ओसरल्यावर मुलगा सगळ्या सीडी पिशवीत घालून घेऊन आला. गाळाने माखलेल्या. नदीचा गाळ वाळला की बारीक काचकागदासारखा होतो, म्हणून पुसायचं नाही हे मला माहीत होतं. टबात स्वच्छ पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी नळाच्या बारीक धारेखाली, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापूस, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. मग सावलीत उभ्या करून वाळवल्या.

मार्करने लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या लागल्या. स्टिकरच्या सीडींवर कागद फुगून उचलला होता, आणि उचलताना त्याने खालची चंदेरी पापुद्र्याची पट्टी सोबत आणली होती. एक सीडी मी ट्यूबलाइटसमोर धरली तर तिच्यातून आरपार उजेड आला, बोटाएवढ्या लांब फटीतून. त्या फटीत कीर्तनाचा जो भाग होता तो जगात आता कुठे नाही, कारण मूळ कॅसेटीही पुरातच गेल्या. मुलगा काही बोलला नाही. मला मात्र तो पापुद्रा अजून डोळ्यांसमोर दिसतो.

आपण समजतो की सीडीची खालची, चमकणारी बाजू जपायची. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक आहे, तिथला ओरखडा घासून काढता येतो. मजकूर असतो तो वर, छापील बाजूच्या लगेच खाली, त्यावर फक्त लाखेसारखा पातळ थर. वरून ओरखडा गेला की गेला. डीव्हीडी त्या मानाने सुरक्षित, तिचा मजकूर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. म्हणून स्टिकर नको, बॉलपेन अजिबात नको. सीडीसाठी मिळतो तो मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि शक्यतो मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक भागावर, मोठ्या अक्षरात लिहा. तिथे मात्र मराठीत लिहा. तो भाग प्लेअरला वाचायचा नसतो, आजींना वाचायचा असतो.

उन्हापासूनही जपायचं. घरी राइट केलेल्या सीडीत मजकूर एका रंगाच्या थरात असतो आणि ऊन लागून तो रंग उडतो. खिडकीशी, टीव्हीच्या गरम पाठीवर डिस्क ठेवू नयेत. प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती काढा, एक आजींकडे, एक तासगावला तुमच्याकडे. दोन घरं, दोन गावं, म्हणजे एका पाण्यात दोन्ही जाणार नाहीत.

प्लेअरला पुढे पेनड्राइव्हची खाच असेल तर हीच गाणी-फोटो त्यावरही चालतील, फक्त पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. जास्त जागेचे नवे पेनड्राइव्ह बरेचदा एक्सएफएटी असतात, ते जुन्या प्लेअरला कळत नाहीत. नावांचे आणि आकारांचे सगळे नियम तेच. पण आजींना डिस्क ट्रेमध्ये ठेवायची सवय असेल तर तीच राहू द्या.

सगळं झालं की तासगावहून नुसती डिस्क पाठवू नका, घेऊन जा. त्यांच्याच प्लेअरवर, त्यांच्यासमोर लावा. पहिलं गाणं सगळ्यांचं लागतं. थेट शेवटच्या फोल्डरमधलं शेवटचं गाणं लावा आणि ते पूर्ण ऐका. शेवटचा फोटो उघडा. अडखळलं तर डिस्क आणखी कमी भरून, आणखी कमी वेगाने पुन्हा राइट करा. मग रिमोट हातात घ्या. चाळीसेक बटणांपैकी आजींना चारच लागतात: प्ले, पुढचं, मागचं, आणि बंद, म्हणजे स्टॉप. प्लेवर लाल चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, पुढच्यावर हिरवा. बंदचं बटण एकदा दाबलं तर काही प्लेअर नुसते थांबतात आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करतात, दोनदा दाबलं की अगदी पहिल्यापासून. आजींना यातलं कोणतं आवडतं ते त्यांना करून बघू द्या. तुम्ही शेजारी बसा, रिमोट त्यांच्या हातात राहू द्या.